मृगाच्या तोंडावर कोंबड्यांना प्रतिजैविक देताना

सोलापूर जिल्ह्यात मे महिन्याचे कडक ऊन आणि त्यामागून येणारी मृगाची दमट हवा, या दोन्हींच्या सांध्यावर परसातल्या कोंबड्या पिसे फुगवून, पंख पाडून बसू लागतात. अशा वेळी दुकानातून आणलेली प्रतिजैविकाची पुडी लगेच पाण्यात कालवण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण मानमोडी (राणीखेत) आणि देवी हे कोंबड्यांचे आजार विषाणूंमुळे होतात आणि त्यांच्यावर प्रतिजैविक चालत नाही. मानमोडीपासून वेळेवर दिलेली लसच वाचवते. रक्ती हगवणीचे औषधही वेगळेच असते. जिवाणूंमुळे होणारा कॉलरा आणि श्वासाचे काही विकार यांवर मात्र प्रतिजैविकाचा उपयोग होतो. हिरवी हगवण मानमोडीतही दिसते आणि कॉलऱ्यातही, त्यामुळे नुसत्या नजरेने निदान करू नये. ताजी मेलेली एखादी कोंबडी पशुवैद्यकीय दवाखान्यात शवविच्छेदनासाठी नेणे हा खरा मार्ग आहे. मात्र एकाएकी बऱ्याच कोंबड्या दगावल्या असतील, तर त्यांना हात न लावता दवाखान्याला किंवा 1962 या क्रमांकावर कळवावे.

पशुवैद्यकांनी औषध लिहून दिल्यावरही मोठी चूक पाण्याच्या मापात होते. मोठी कोंबडी एरवी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते, पण कडक उन्हात हेच प्रमाण दुप्पट होऊ शकते. म्हणजे दहा कोंबड्यांसाठी 'लिटरला इतके' या एकाच मापाने औषध घातले, तर उन्हात त्यांच्या पोटात दुप्पट जाईल आणि गार, ढगाळ दिवशी कमी जाईल. अपुऱ्या मात्रेने जिवाणू मरत नाहीत, उलट त्या औषधाला सरावतात. म्हणून एक दिवस साधे पाणी मोजून ठेवावे, संध्याकाळी किती उरले ते पाहावे आणि कोंबड्यांच्या एकूण वजनासह तो आकडा पशुवैद्यकांना सांगावा. आजारी कोंबडी पाण्याकडे जातच नाही, हेही ध्यानात ठेवावे. तिला वेगळ्या डालग्यात ठेवून तिचे औषध थेट चोचीतून कसे द्यायचे, ते विचारून घ्यावे.

बोअरच्या जड पाण्यातील चुना टेट्रासायक्लिन गटातील प्रतिजैविकांना बांधून ठेवतो, त्यामुळे ती रक्तात नीट उतरत नाहीत. शिंपल्यांच्या चुऱ्याचेही तसेच आहे. उपचाराच्या दिवसांत तो चुरा बंद ठेवावा की नाही, हे पशुवैद्यकांना विचारावे. औषधाचे पाणी सावलीत, प्लॅस्टिकच्या भांड्यात ठेवावे, रोज सकाळी नवे करावे आणि त्या काळात दुसरे पाणी समोर ठेवू नये. कोंबडी दोन दिवसांत चरू लागली तरी सांगितलेले सर्व दिवस औषध पूर्ण करावे.

उपचार चालू असताना व त्यानंतर ठरलेला काळ उलटेपर्यंत अंडी व मांस घरात वापरू नये, बाजारातही नेऊ नये. लेबलवर हा काळ दिलेला नसेल, तर भारतीय नियमांनुसार शेवटच्या मात्रेनंतर अंड्यांसाठी किमान 7 दिवस आणि मांसासाठी किमान 28 दिवस थांबावे लागते. काही औषधे अंड्यावरील कोंबड्यांना मुळीच चालत नाहीत. कोलिस्टिनवर तर अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत 2019 पासूनच बंदी आहे, म्हणून जुनी पुडी घरात असेल तर ती वापरू नये. मरायला टेकलेली कोंबडी कापून खाण्याची सवय आपल्याकडे अजून आहे, ती तर सोडलीच पाहिजे. अशी कोंबडी मेल्यावर विहिरीपासून दूर खोल खड्ड्यात, वर चुना टाकून पुरावी.