लकी ड्रॉ समोर काढायचा की ऑनलाइन? मंडळ, सोसायटी, मेळावा करणाऱ्यांसाठी

संक्रांत जवळ आली की मला फोन यायला लागतात. सोलापूरची गड्ड्याची म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, सोसायट्यांमधली हळदीकुंकवं, शाळांचे माजी विद्यार्थी मेळावे, सगळं एकदमच येतं आणि प्रत्येकाला लकी ड्रॉ ठेवायचाच असतो, आणि विचारायचं असतं एकच, ताई, चिठ्ठ्या काढू की मोबाइलवर काढू? गेली बरीच वर्षं सोलापुरात मंडळाची आणि सोसायटीची अशी कामं केलीत म्हणून जे कळलंय ते एकदाच नीट लिहून ठेवते.

आधी हे डोक्यात पक्कं करा की ड्रॉ ज्याला बक्षीस लागतं त्याच्यासाठी नसतो, तो खुशच असतो. ज्या तीनशे जणांना काही लागलं नाही त्यांना घरी जाताना "ठीक आहे, नशीब नव्हतं" असं वाटलं पाहिजे. "आधीच ठरलेलं होतं" असं एकदा वाटलं की पुढच्या वर्षी वर्गणीला दार उघडत नाहीत. म्हणून ड्रॉ तिथे काढायचा जिथे या लोकांचे डोळे आहेत. मी तरी ठरवताना एवढंच बघते.

तर पहिलं काम, माणसं मोजा. भाग घेणाऱ्यातले किती जण ड्रॉच्या वेळी तुमच्यासमोर बसलेले असणार? जुळे सोलापूर भागातल्या सोसायटीचं हळदीकुंकू असेल तर जवळजवळ सगळ्या बायका समोर असतात, तिथे मोबाइल काढायचं कारणच नाही. शाळेचा मेळावा असेल तर निम्मे पुण्यात, काही हैदराबादला, एखाददुसरा परदेशात, आणि वर्गणी त्यांनीही दिलेली असते, त्यांना सोडून स्टेजवर चिठ्ठ्या काढल्या तर ते ग्रुपवर नुसता फोटो बघणार आणि मनात काय म्हणणार ते आपल्याला माहितीये. निम्म्याहून जास्त समोर असतील तर समोरच काढा. बहुतेक बाहेर असतील तर ऑनलाइन. अर्धे इकडे अर्धे तिकडे असतील तर माझी एक पद्धत आहे, ती पुढे सांगते, मला तीच सगळ्यात आवडते.

समोर काढायचा म्हणजे सोपा असं समजू नका. आमच्या मंडळात एका वर्षी स्टीलच्या पिंपात साडेतीनशे चिठ्ठ्या होत्या, संध्याकाळी सहापासून जसजशी माणसं येतील तसतशी चिठ्ठी आत टाकत गेलो, नऊ वाजता एका पोराने हात घालून पाच काढल्या आणि पाचातले चार नंबर तीनशेच्या वरचे. शेवटी आलेले कोण, तर कार्यकर्त्यांच्याच घरची माणसं, स्वयंपाक उरकून उशिरा आलेली. मागून एक आवाज आला, "काय बे, सगळे तुमच्याच घरातले नंबर लागालेत की!" कुणी लबाडी केली नव्हती, देवाशपथ. चिठ्ठ्या वरवर हलवल्या होत्या, खालच्या खालीच राहिल्या, एवढंच. पण ते पटवून द्यायला आम्हाला वर्ष लागलं.

नंतर कळलं की हे आपल्याच गल्लीत होतं असं नाही. १ डिसेंबर १९६९ ला अमेरिकेत तरुणांना सैन्यात बोलावण्याचा क्रम सोडतीने ठरवला, वर्षाच्या ३६६ तारखांच्या ३६६ प्लास्टिकच्या डब्या, सगळ्या देशाला टीव्हीवर दिसत होतं. पण डब्या महिन्याच्या क्रमाने भरल्या होत्या आणि नीट मिसळल्याच नाहीत, त्यामुळे वर्षाच्या शेवटच्या महिन्यांतल्या तारखा जास्त करून आधी निघाल्या. डिसेंबरात जन्मलेल्या पोरांना त्याचा फटका बसला. पुढच्या वर्षी त्यांना पद्धत बदलावी लागली. आपल्याकडे कुकर नाहीतर चादर असते, तिथे पोरांच्या जिवाचा प्रश्न होता, तरी चूक तीच.

म्हणून चिठ्ठ्या करताना असं करा. कागद एकच, आकार एकच, घडी एकाच माणसाने एकसारखी घातलेली, दोन घड्या पुरे, गोळ्या करू नका कारण गोळी घट्ट-सैल होते आणि हाताला कळते. चिठ्ठीवर नाव नको, नंबर टाका. सोलापुरात हे फार महत्त्वाचं आहे, पूर्व भागात कुणी नाव तेलुगूत लिहितं, कुणी कन्नडमध्ये, कुणी इंग्रजीत, आणि माइकवर वाचणारा अडखळला की गडबड, शिवाय एकाच नावाची तीन माणसं उभी राहतात. प्रेसमधून तीन भागांची कुपनं नंबरिंग करून घ्या, एक भाग माणसाकडे, एक पिंपात, आणि पुस्तकाला चिकटलेली स्थळप्रत आपल्याकडे. पिंप स्टीलचं नको, आरपार दिसणारा प्लास्टिकचा डबा घ्या, आणि तो अर्धाच भरला पाहिजे, गच्च भरलेल्या डब्यात काही मिसळत नाही. आधी रिकामा डबा उलटा करून सगळ्यांना दाखवा, मग चिठ्ठ्या टाका, झाकण लावून आडवा लोळवा, उभा करून हलवा, परत लोळवा, चांगली दोन मिनिटं, लोकांसमोर. प्रत्येक चिठ्ठी काढली की परत तेच. काढणारं पोर लहान, कार्यकर्त्याचं नको, बाह्या कोपराच्या वर, डोळे झाकलेले. महापालिकेच्या प्रभाग आरक्षणाच्या सोडतीत शाळेतली मुलं चिठ्ठ्या काढतात ते उगाच नाही.

नव्वदच्या आत माणसं असतील तर चिठ्ठ्याही करू नका. घरात हाउजी असते ना, तिचे १ ते ९० चे आकडे एकसारखेच असतात, त्यातले हवे तेवढे घ्या, पिशवीत टाका, झालं. हळदीकुंकवाला मी दरवर्षी हेच करते, वाणाबरोबर प्रत्येकीला नंबर देते, पंधरा मिनिटांत सगळं आटपतं.

आता ती मधली पद्धत. समजा ६४० जणांनी फॉर्म भरलाय, काही हॉलमध्ये आहेत, काही मोबाइलवर बघतायत. ६४० चिठ्ठ्या कॅमेऱ्यात दिसत नाहीत, मिसळल्या की नाही तेही दिसत नाही. त्यापेक्षा टेबल टेनिसचे सत्तावीस बॉल आणा आणि मार्करने आकडे घाला. तीन पातेली ठेवा. पहिल्यात ० ते ६, दुसऱ्यात ० ते ९, तिसऱ्यातही ० ते ९. प्रत्येकातून एक बॉल काढा, शतक, दशक, एकक, नंबर तयार. ४, ०, ७ आलं म्हणजे ४०७ नंबरचा माणूस. शेवटच्या रांगेतल्या आजीलाही दिसतं आणि दुबईतल्या मित्रालाही. नियम मात्र एक पाळा, ०००, ६४० च्या पुढचा नंबर किंवा आधीच लागलेला नंबर आला तर तिन्ही बॉल परत टाकून तिन्ही नव्याने काढायचे. नुसता शेवटचा बॉल बदलायचा नाही, तसं केलं तर काही नंबरांना जास्त संधी मिळते, आणि लोकांतला एखादा गणिताचा मास्तर ते बरोबर पकडतो. दर वेळी तिन्ही बॉल आपापल्या पातेल्यात परत गेले पाहिजेत हेही लक्षात ठेवा.

पूर्ण ऑनलाइन करायचा असेल तर मेहनत ड्रॉच्या आधी असते. फॉर्म बंद करायची वेळ जाहीर करा आणि त्या मिनिटाला बंद करा, पुण्याच्या भावाचा राहिलाय म्हणून दोन मिनिटं उघडलात की संपलं. मग यादी साफ करा. एकच माणूस एकदा नुसता मोबाइल नंबर टाकतो, एकदा शून्य लावून, एकदा ९१ लावून, मधे स्पेस देऊन, कॉम्प्युटरला ते तीन वेगळे वाटतात, म्हणून शेवटचे दहा आकडे वेगळे काढून त्यावर डुप्लिकेट शोधा. मग प्रत्येकाला अनुक्रमांक द्या आणि यादी ड्रॉच्या आदल्या दिवशी ग्रुपवर टाका, नाव आणि मोबाइलचे शेवटचे चार आकडे, पूर्ण नंबर कुणाचाही टाकू नका, बायकांचा तर मुळीच नाही. एकदा यादी टाकली की त्यात एक ओळही हलवायची नाही.

नंबर काढायला गुगलवर रँडम नंबरचं साधन मिळतं, रँडम डॉट ऑर्ग ही साइट १९९८ पासून आहे आणि वातावरणातल्या रेडिओच्या खरखरीवरून आकडे काढते, दोन्ही आपल्या कामाला पुरतात. एक्सेलमध्ये रँडबिटवीनचा फॉर्म्युला लावणार असाल तर जपून, शीटमध्ये कुठेही काही टाइप केलं की तो आकडा बदलतो, मी एकदा विजेत्याचं नाव शेजारच्या रकान्यात लिहायला गेले आणि लाइव्ह चालू असताना समोरच नंबर बदलला, माझ्या पोटात गोळाच आला. फिरणारं चाक दिसायला छान पण तीस-चाळीस नावांपर्यंतच, सहाशे नावं घातली की चाकावर नुसत्या रेघा दिसतात आणि कुणाला काही कळत नाही.

क्लिक एकदाच करायचं. सुरू करायच्या आधी मोठ्याने बोला, "यादी ६४० ची आहे, बक्षिसं पाच, पाच नंबर आणि वर तीन राखीव नंबर काढणार, परत क्लिक करणार नाही," आणि मग स्क्रीन न कापता एका दमात रेकॉर्ड करा. यूट्यूबवर मोबाइलवरून लाइव्ह जायला चॅनेलला ५० सबस्क्रायबर लागतात आणि पहिल्यांदा लाइव्ह चालू व्हायला २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो, हे कार्यक्रमाच्या दिवशी कळलं तर काही करता येत नाही, दोन दिवस आधी बघा. आणि मैदानात गर्दी झाली की रेंज जाते, एखाद्या दुकानाचं किंवा घराचं वायफाय आधी बोलून ठेवा.

समोर असो वा ऑनलाइन, नियम आधी लिहून लावा. सगळ्यात जास्त भांडण एकाच गोष्टीवर होतं, हजर नसला तर बक्षीस मिळणार का? दोन्ही चालतं, पण कुपनावर छापलेलं हवं. बायकांचा कार्यक्रम असेल तर मी हजेरीची अट ठेवत नाही, साडेआठला कुणाला पोराचं जेवण बघायला जावं लागतं म्हणून तिचं बक्षीस काढून घ्यायचं हे मला पटत नाही. हजेरी ठेवलीच तर नंबर तीनदा पुकारा, मिनिटभर थांबा, मग राखीव नंबर. छोटी बक्षिसं आधी, मोठं शेवटी. सूत्रसंचालकाने "अरे वा, हे तर आपलेच" असलं काही बोलायचं नाही, त्याला आधी सांगून ठेवा.

पैशाचं मात्र गंभीरपणे घ्या. तिकीट विकायचं आणि त्याच तिकिटावर सोडत काढायची ही कायद्याच्या नजरेत लॉटरी होते, आणि लॉटरी चालवायचा अधिकार सरकारचा, खाजगी लॉटरी भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ मध्ये गुन्हा आहे. आधी हेच आयपीसीचं २९४ अ होतं. "सगळे करतात" हे उत्तर पोलिस चौकीत चालत नाही. म्हणून कुपन फुकट द्या, वर्गणी न देणाऱ्यालाही द्या. दुकानदार खरेदीवर स्कीम लावत असतील तर विजेत्यांची यादी जाहीर करायलाच हवी, निकाल दाबून ठेवणं २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारात धरलंय. बक्षीस दहा हजारांपेक्षा जास्त किमतीचं असेल तर ३० टक्के टीडीएस लागतो, आणि वस्तू असेल तर कर भरल्याची खात्री करूनच ती हातात द्यायची असते. ८० हजारांची स्कूटी म्हणजे २४ हजार रुपये, ते विजेता भरणार की मंडळ, हे बॅनर छापायच्या आधी सीएकडे बसून ठरवा. खरं सांगू का, एका स्कूटीपेक्षा पंचवीस-तीस चादरी, टॉवेलचे सेट, दोन-चार इरकल साड्या ठेवा. आपल्या गावात त्या चांगल्या मिळतात, विणणाऱ्या मागवाल्याकडून थेट घेता येतात, आणि जास्त घरांत काहीतरी जातं.

ड्रॉ झाल्यावर त्याच रात्री नंबरांची यादी ग्रुपवर टाका, स्थळप्रती आणि रेकॉर्डिंग महिनाभर ठेवा. लांबच्या विजेत्याला मेसेज नको, ओळखीच्या कार्यकर्त्याने फोन करावा आणि त्याच्याकडून कुपन नंबर विचारून घ्यावा, आपण सांगायचा नाही. केबीसीच्या नावाने "२५ लाखांची लॉटरी लागली" म्हणून व्हॉट्सॲपवर लोकांना इतकं फसवलंय की खऱ्या विजेत्यालाही आपला फोन खोटा वाटतो, त्यात तो बरोबरच आहे. म्हणून कुपनाच्या मागे आधीच छापा की बक्षिसासाठी मंडळ कधीही पैसे, ओटीपी किंवा बँकेची माहिती मागणार नाही, कुणी मागितली तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन करा. पार्सलचा खर्च मंडळाने सोसायचा.