आभासी नातेवाइकाला वाईट बातमी सांगताना

नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत इंटर्न म्हणून उभं राहण्याआधी पडद्यावरच्या आभासी माणसाशी, म्हणजे रुग्णाचा नातेवाईक होऊन बोलणाऱ्या सॉफ्टवेअरशी, दहा-पंधरा वेळा बोलून घ्या. रुग्णाची भूमिका शिकवून तयार केलेल्या माणसावर सराव करण्याची पद्धत हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ मध्ये सुरू केली. आभासी माणूस त्याच वाटेवरचा, पण तो विसाव्या वेळीही पहिल्याइतकाच चिडतो, आणि आपल्या चुकीने कोणाच्या जखमेवर मीठ चोळलं जात नाही.

लॅपटॉप पुरतो. डोळ्यांवर चढवायचा व्हीआर हेडसेट सुरुवातीला नकोच. गरगरायला लागलं की बोलण्यावर लक्ष राहत नाही. पडदा डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. तिघं बसा: एक बोलणारा, एक वाक्यं टिपणारा, एक घड्याळ बघणारा. प्रसंग ८ मिनिटांचा ठेवा, त्यावरची चर्चा किमान १५ मिनिटं. चर्चा गाळून लागोपाठ तीन प्रसंग उरकले तर चुकाच अंगवळणी पडतात.

आपल्याकडे सगळ्यात जास्त घोळ माइकचा होतो. एप्रिल-मेमध्ये कूलरची घरघर माइकमध्ये शिरते आणि पडद्यावरचा माणूस भलतंच उत्तर देतो. तेवढी ८ मिनिटं कूलर बंद ठेवा, वायरचा माइक तोंडापासून दोन-तीन बोटांवर धरा. दुसरी अडचण भाषेची. ‘तुम्ही काऊन सांगून नाही राह्यले जी?’ अशी बोली किंवा मराठी-हिंदीची सरमिसळ आली की आवाज ओळखणारी यंत्रणा अडखळते. मग यंत्राला कळावं म्हणून विद्यार्थी पुस्तकी मराठी बोलू लागतो, आणि तीच सवय वॉर्डात घेऊन जातो. त्यापेक्षा टिपणाऱ्याने ऐकून वाक्य टाइप करावं; बोलणाऱ्याने आपली बोली सोडू नये.

आता प्रसंग घ्या. वडील दगावलेत, समोर मुलगा आहे. वाईट बातमी सांगण्याच्या स्पाइक्स पद्धतीच्या सहा पायऱ्या पाठ असतात, तरी गाडी तिसऱ्या-चौथीवर, म्हणजे ऐकायची तयारी जोखून बातमी सांगण्यावर, अडते. आधी विचारा, ‘वडिलांच्या तब्येतीबद्दल आतापर्यंत काय सांगितलं आहे?’ मग ‘बातमी चांगली नाही’ एवढं म्हणून क्षणभर थांबा. त्यानंतर ‘तुमच्या वडिलांचा मृत्यू झाला आहे’ हे स्पष्ट सांगा. ‘आम्ही खूप प्रयत्न केले’ने सुरुवात केली की मुलाला आशा वाटते, आणि पुढचं त्याला ऐकूच जात नाही. सांगून झाल्यावर मनात पाच आकडे मोजा आणि गप्प राहा. यंत्र उत्तर द्यायला दोन-तीन सेकंद घेतं. विद्यार्थी घाबरून ती पोकळी व्हेंटिलेटर, बीपी, ॲड्रेनलिनने भरतात. टिपणाऱ्याने नेमकं हेच पकडावं: मृत्यूचा शब्द उच्चारल्यावर पहिला आवाज कोणाचा आला?

पर्यायांतून वाक्य निवडायचं सॉफ्टवेअर असेल तर पर्याय कागदाने झाका, आधी स्वतः मोठ्याने बोला, मग जवळचा पर्याय दाबा. नाहीतर सगळा वेळ जास्त गुणांचा पर्याय शोधण्यात जातो.

पडद्यावर एकच माणूस असतो. कॅज्युअल्टीत आठ-दहा जण घेरतात. कुठे उभं राहायचं, दाराची वाट कशी मोकळी ठेवायची, घरातल्या कोणाशी आधी बोलायचं, हे वर्गमित्रांना नातेवाईक करूनच शिकावं लागतं.

सत्राआधी प्रत्येकाला बाजूला घेऊन विचारा, घरात नुकतंच कोणी गेलं आहे का. असेल तर त्याच्यासाठी प्रसंग बदला, आणि कारण इतरांना सांगू नका.