मत देण्याआधी रोजनामा बघा

नागपूरच्या सिव्हिल लाईन्समध्ये जिल्हा न्यायालयाच्या आवारात टायपिंगचं टेबल टाकून मला 27 वर्षं झाली. आधी रेमिंग्टन होतं, आता लॅपटॉप अन् प्रिंटर. जामीन अर्ज, प्रतिज्ञापत्रं, वकालतनामे, जे येईल ते. सकाळी कामाला बसण्याआधी बाहेरच्या ठेल्यावर तर्री-पोहे खातो. तिथं रोज दोन-चार निकाल लागतात. पेपर पोह्याच्या प्लेटखाली असतो, त्यातली हेडलाइन अर्धी तर्रीनं भिजलेली, आणि उरलेल्या अर्ध्यावर फाशी सुनावली जाते. "याले चौकात उभा करा ना राजा, कोर्ट-कचेरी कायले पायजे?"

बातमीवर मत द्या. जरूर द्या. पण द्यायची एक रीत आहे. ती मी स्वतः माती खाल्ल्यावर शिकलो.

काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतला एक पोरगा पतसंस्थेच्या घोटाळ्यात अटक झाला. तिथं कारकून होता. पेपरात नाव आलं. मी त्या बातमीचा फोटो काढला, कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "शेवटी सापडला." दिवसभर कोर्टात बसणारा माणूस मी! तीन महिन्यांनी पोलिसांनी चार्जशीट दाखल केली, त्यात त्याचं नावच नव्हतं. ही बातमी पेपरात आली नाही. मला कळली ती त्याच्या वडिलांकडून. धाकट्या मुलीच्या गॅप सर्टिफिकेटचं प्रतिज्ञापत्र करायला ते माझ्याच टेबलावर आले. तिचं वर्ष वाया गेलं होतं. मी विचारलं, "कारण काय लिहू, काका?" ते म्हणाले, "घरगुती अडचण लिहा." मी लिहिलं. पैसे नको म्हणालो, तर त्यांनी नोट कीबोर्डखाली सरकवली आणि गेले.

तेव्हापासून पहिली गोष्ट बघतो ती ही, की प्रकरण कोणत्या पायरीवर आहे. एफआयआर म्हणजे कोणीतरी सांगितलं आणि पोलिसांनी लिहून घेतलं, एवढंच. अटक म्हणजे संशय. पीसीआर (पोलीस कोठडी) संपून एमसीआर (न्यायालयीन कोठडी) झाला की ठेल्यावर बोंब होते, "सोडलं त्याले!" कुठलं सोडलं? पोलीस कोठडीतून सेंट्रल जेलात गेला तो. जामीन म्हणजेही सुटका नव्हे, खटला चालूच असतो. आणि पोलिसांनी 60 दिवसांत, गंभीर गुन्हा असेल तर 90 दिवसांत, चार्जशीट टाकली नाही तर जामीन हा आरोपीचा हक्कच होतो. अशा वेळी जजला शिव्या घालू नका. तारखा मोजा आणि विचारा, चार्जशीट कोणी अडवली? खरा प्रश्न तिथं असतो.

हे बघायला वकील लागत नाही. ई-कोर्ट्सची साइट किंवा अ‍ॅप उघडा. प्रत्येक खटल्याचा स्वतःचा 16 अक्षरी सीएनआर नंबर असतो, तो असेल तर उत्तम, नाहीतर पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाका. पुढची तारीख, आधीच्या तारखांना काय झालं (हाच रोजनामा), काही आदेश, सगळं फुकट दिसतं. हायकोर्टाचं पाहिजे असेल तर बॉम्बे हायकोर्टाच्या साइटवर नागपूर खंडपीठ निवडा. "कोर्टानं फटकारलं" अशी बातमी आली तर मी हटकून आदेश उघडतो. बरेचदा ते फटकारणं तोंडी असतं, आदेशात दोनच ओळी असतात, "पुढील तारीख".

दुसरं, मताखाली तारीख टाका. माओवाद्यांशी संबंध असल्याचा आरोप झालेले दिल्ली विद्यापीठाचे प्रा. साईबाबा, त्यांचं प्रकरण घ्या. गडचिरोलीच्या सत्र न्यायालयानं 2017 साली जन्मठेप दिली. 14 ऑक्टोबर 2022 ला आपल्याच नागपूर खंडपीठानं सोडलं, कारण यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली खटल्याला लागणारी मंजुरी नीट नव्हती. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, सुप्रीम कोर्टानं त्याला स्थगिती दिली. पुढं 2023 मध्ये प्रकरण परत पाठवलं, आणि 5 मार्च 2024 ला नागपूर खंडपीठानंच पुन्हा निर्दोष सोडलं. या वेळी पुरावाही टिकला नाही असं म्हटलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये साईबाबा वारले. आता 2017 चं मत कोणी 2024 मध्ये तसंच वाजवत असेल, मग ते कोणत्याही बाजूचं असो, तर त्यानं मधली पानं वाचलेली नाहीत. "तांत्रिक कारणावर सुटला" आणि "पुरावा नाही म्हणून सुटला" ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

चौकातल्या न्यायाचं म्हणाल, तर आम्हाला ते कोणी शिकवू नये. 13 ऑगस्ट 2004 ला अक्कू यादव या गुंडाला याच जिल्हा न्यायालयात, कोर्टरूममध्ये, जमावानं मारलं. कस्तुरबा नगरच्या बाया होत्या, वर्षानुवर्षं त्याच्या जाचानं पिचलेल्या. आरोपी 2014 साली पुराव्याअभावी सुटले. त्या बायांना दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही. पण ठेल्यावर कोणी "तसंच करा" म्हणालं की मी विचारतो, पोलिसांनी त्यांच्या तक्रारी वेळेत घेतल्या असत्या तर? माझं मत तिथं अडकलेलं आहे. अडकलेलं मतही सांगता येतं.

राजकारणाच्या बातमीला सोपी कसोटी. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन आलं की घोषणांचा पाऊस. घोषणा झाली म्हणजे जीआर (लेखी शासन निर्णय) निघाला असं नाही. राज्य सरकारच्या साइटवर जीआर शोधा. सापडला नाही तर माहितीचा अधिकार लावा: अर्जावर 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, मजकूर 150 शब्दांच्या आत, आणि उत्तराला 30 दिवस. "का केलं नाही?" असं विचारू नका, त्याला उत्तर येत नाही. "अमुक फाइलची प्रत द्या" असं मागा. लोक माझ्याकडे चार पानी संताप घेऊन येतात, मी त्याच्या पाच ओळी करून देतो.

दोन कुंपणं मात्र ओलांडू नका. बलात्कार पीडितेचं नाव, फोटो, गल्ली, शाळा, काहीच फॉरवर्ड करायचं नाही. ती हयात नसली तरीही नाही. तो गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद. आणि निकालावर बिनधास्त टीका करा, कायद्याला ती चालते. जजनं पैसे खाल्ले असं पुराव्याशिवाय लिहाल तर वकील शोधावा लागेल, आणि टायपिंगला माझ्याकडेच याल.

चुकलात तर दुरुस्ती त्याच ग्रुपवर टाका, जिथं चूक टाकली होती तिथंच. मी टाकली, फार उशिरा. "अमुक तारखेची माझी पोस्ट चुकीची होती, चार्जशीटमध्ये त्याचं नाव नाही." दोघांनी अंगठ्याचा इमोजी टाकला. त्यानंतर लगेच कोणीतरी गुलाबाच्या फुलाचं गुड मॉर्निंग टाकलं.