मेंढीच्या लिम्फमधल्या अँटिबॉडी पेशी: या चुका टाळा

लिम्फ (लसिका, म्हणजे पेशी वाहून नेणारा शरीरातला द्रव) गोळा करायची नळी लसिकेच्या गाठीतून (लिम्फ नोडमधून) बाहेर पडणाऱ्या लिम्फवाहिनीत बसवा. आत येणाऱ्या वाहिनीत पेशी मोजक्याच असतात, आणि अँटिबॉडीवाल्या जवळपास नसतातच.

माझं डोकं खरं उठतं ते उंदराचा प्रोटोकॉल जसाच्या तसा मेंढीवर चालवलेला पाहिला की. अँटिबॉडी सोडणाऱ्या पेशी मोजायची, प्रतिकारशास्त्रज्ञ येर्ने यांची १९६३ची प्लाक पद्धत घ्या. पेशी आणि तांबड्या रक्तपेशी अगारमध्ये (जेलीसारख्या थरात) कालवायच्या, वरून कॉम्प्लिमेंट (अँटिबॉडी चिकटलेल्या पेशी फोडणारी रक्तातली प्रथिनं) सोडायचं. अँटिबॉडी सोडणाऱ्या पेशीभोवती तांबड्या पेशी फुटून गोल, स्वच्छ ठिपका दिसतो. पुस्तकात तांबड्या पेशी मेंढीच्या असतात. आमच्याकडे आलेल्या एका पोराने टोचायलाही त्याच घेतल्या, मेंढीला! प्लेटवर काही दिसेना, तसा तो कॉम्प्लिमेंटच्या बाटल्या बदलत बसला, मग अगारला नावं ठेवू लागला. आपल्याच जातीच्या रक्ताला मेंढी काय म्हणून जोरात उत्तर देईल? घोड्याच्या किंवा कोंबडीच्या पेशी टोचा आणि प्लेटवरही त्याच वापरा. मी तर डब्यावर प्राण्याचं नाव ठळक लिहूनच फ्रिजमध्ये ठेवते.

दुसरी चूक उतावळेपणाची. अँटिजेन (ज्याविरुद्ध अँटिबॉडी बनते तो परका पदार्थ) टोचल्यावर पहिल्या काही तासांत बाहेर येणाऱ्या पेशी उलट घटतात. गाठ जणू दार लावून घेते. नवखी मंडळी इथेच ‘लस फसली’ म्हणून दुसरा डोस देतात आणि सगळा हिशेब बिघडवतात. थांबा. पुढे ओघ वाढतो आणि साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी मोठ्या, गडद निळ्या रंगणाऱ्या ब्लास्ट (अजून वाढत, विभागत असलेल्या तरुण) पेशी दिसू लागतात. टोचण्याआधीचा लिम्फ मोजून ठेवला नसेल तर मात्र घट काय नि वाढ काय, कळायचं नाही.

त्या ब्लास्ट पेशी ‘या काही प्लाझ्मा पेशी (अँटिबॉडी बनवणाऱ्या पूर्ण वाढलेल्या पेशी) नाहीत’ म्हणून सोडू नका. कॅनबेरात कनिंगहॅम, स्मिथ आणि मर्सर यांनी १९६६मध्येच मेंढीच्या गाठीतल्या आणि बाहेर येणाऱ्या लिम्फमधल्या अँटिबॉडी सोडणाऱ्या पेशी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिल्या. पाठ्यपुस्तकातली भरगच्च प्लाझ्मा पेशी गाठीतच शोधावी; लिम्फमध्ये तिची तरुण भावंडं, म्हणजे याच ब्लास्ट पेशी, भेटतात.

बाकी किरकोळ. बाटलीत हेपारिन (गुठळी होऊ न देणारं औषध) आधीच घाला, नंतर नव्हे. रात्रभर साठलेली बाटली ईलिस्पॉटला (अँटिबॉडी सोडणाऱ्या पेशी रंगीत ठिपक्यांवरून मोजायच्या चाचणीला) वापरू नका. मी ताजा लिम्फ बर्फावर घेते. पेशी नीट धुवा, नाहीतर लिम्फमधली विरघळलेली अँटिबॉडी प्लेटभर पसरते आणि ठिपके मोजता येत नाहीत. गुठळी झालेला लिम्फ गाळून चालवायचा शॉर्टकट तर मुळीच नको: गुठळीत किती पेशी अडकल्या ते सांगता येत नाही. ओतून द्या.