पेरूला जाताय? या चुका घरी बसूनच होतात

माचूपिक्चूची, म्हणजे डोंगरातल्या त्या प्राचीन इंका शहराची, सहल फसल्याची गाऱ्हाणी ऐकली की लक्षात येतं, घोळ बहुतेकदा बुकिंग करतानाच झालेला असतो. दिवसांचा क्रम चुकतो आणि मग डोकेदुखीपासून बुडालेल्या पैशांपर्यंत सगळं त्याच्या मागून येतं. म्हणून आधी क्रमाबद्दल.

कुस्कोत उतरून लगेच फिरायला निघणं

पेरूची राजधानी लिमा समुद्रकाठी, माचूपिक्चूला जाताना लागणारं कुस्को शहर सुमारे ३,४०० मीटरवर. मधला विमानप्रवास सव्वा-दीड तासाचा. म्हणजे तेवढ्या वेळात तुम्ही जवळजवळ लेहच्या उंचीवर जाऊन पोचता. आपलं कळसूबाई याच्या निम्मंही नाही. लेहला उतरल्यावर पहिले दोन दिवस गप पडून राहायचं, हे आता आपल्याकडे सगळ्यांना पाठ झालंय. पण कुस्कोतली गजबज, कॅफे, दगडी चौक पाहिले की तोच नियम विसरायला होतो. सामान खोलीत टाकून मंडळी सान ब्लास वस्तीचा चढ चढायला निघतात. संध्याकाळी डोकं ठणकतं, मळमळतं, रात्रभर झोप नाही. आणि पहाटे विनिकुंकाची, म्हणजे त्या फोटोतल्या रंगीत पट्ट्यांच्या डोंगराची गाडी दारात उभी. तो डोंगर ५,००० मीटरच्याही वर आहे!

गंमत अशी की माचूपिक्चू कुस्कोपेक्षा हजारेक मीटर खाली, २,४३० मीटरवर आहे. त्यामुळे कुस्को विमानतळावरून टॅक्सीने सरळ खाली खोऱ्यात जा. उरुबांबा किंवा ओयान्तायतांबो, ही दोन्ही गावं २,८०० मीटरच्या आसपास. तिथे दोन रात्री काढा, तिथूनच रेल्वेने माचूपिक्चू करा, मग कुस्को. तितिकाका सरोवर ३,८०० मीटरवर आहे, ते आणि विनिकुंका सगळ्यात शेवटी. एजंटाच्या छापील कार्यक्रमात क्रम उलटा असेल, तर बिनधास्त बदलून मागा.

तरीही डोकं दुखलंच तर आणखी वर जाऊ नका. पाणी प्या, हलकं जेवा, दारू टाळा. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, घ्यायची की नाही, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. सल्फाची ॲलर्जी असेल तर तेही सांगा. पण बसल्याजागी धाप लागत असेल, चालताना तोल जात असेल किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला, तर ‘सकाळी बघू’ म्हणू नका. लगेच दवाखाना गाठा आणि कमी उंचीवर उतरा.

माचूपिक्चूचं तिकीट शेवटी काढणं

विमान, हॉटेल, रेल्वे सगळं ठरतं आणि मग कोणीतरी विचारतं, आतल्या प्रवेशाचं काय? रोजच्या पर्यटकांची संख्या मर्यादित आहे आणि तिकिटावर तारीख, प्रवेशाची वेळ आणि मार्ग छापलेला असतो. २०२४ पासून तीन सर्किट, म्हणजे आत फिरायचे ठरलेले मार्ग, आहेत. दुसरं सर्किट सगळ्यांना हवं असतं, कारण वरून दिसणारा तो प्रसिद्ध देखावाही मिळतो आणि अवशेषांमधून चालताही येतं. साहजिकच ते आधी संपतं. पहिल्यात देखावा मिळतो, पण खाली शहरात उतरता येत नाही. तिसऱ्यात खालचा भाग फिरता येतो, वरचा फोटो विसरायचा. नुसतं ‘माचूपिक्चूचं तिकीट आहे’ असं एजंट म्हणाला, तर कितवं सर्किट, हे आधी विचारा.

म्हणून आधी प्रवेशाचं तिकीट, मग त्या वेळेला जुळणारी रेल्वे, मग हॉटेल. तिकीट पेरूच्या संस्कृती मंत्रालयाच्या साइटवर मिळतं. संपलं असेल तर पायथ्याच्या आग्वास कालियेन्तेस गावात रोज १,००० तिकिटं खिडकीवर विकतात, पण ती बहुतेकदा दुसऱ्या दिवसाची असतात. म्हणजे गावात एक रात्र जास्तीची धरा, आणि हवं ते सर्किट मिळेल या भरवशावर राहू नका.

दारात मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो, झेरॉक्स चालत नाही. स्वच्छतागृह फक्त दाराबाहेर. आणि पायघोळ पँट घाला. तिथल्या बारीक माश्या घोट्यांना अशा चावतात की खाज आठवडाभर जात नाही.

एकाला एक चिकटवलेले दिवस

आग्वास कालियेन्तेसला मोटाररस्ता नाही, सगळी भिस्त रेल्वेवर. आंदोलनात रूळ अडवले की गाड्या बंद, हे तिथे वरचेवर होतं; २०२३ च्या जानेवारीत तर माचूपिक्चूच काही काळ बंद ठेवावं लागलं होतं. तेव्हा माचूपिक्चूच्या दुसऱ्याच दिवशी मायदेशीचं विमान कधीही धरू नका. मध्ये एक दिवस मोकळा सोडा. काही बिघडलं नाही, तर तो कुस्कोच्या सान पेद्रो बाजारात मजेत जातो.

इंका ट्रेल, म्हणजे माचूपिक्चूपर्यंत जाणारी जुनी पायवाट, चालायची असेल तर परवाना अधिकृत कंपनीमार्फतच आणि महिनोन्महिने आधी. फेब्रुवारीत ती वाट बंदच असते. एरवी आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत तिथे पाऊस संपलेला असतो, हे आपल्या पथ्यावर पडतं. फक्त तिथे तेव्हा थंडीची सुरुवात असते, रात्रीसाठी जाड कपडे लागतात.

व्हिसा आणि मधला विमानतळ

तुमच्याकडे अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेनचा व्हिसा असेल आणि पेरूत पोचताना तो किमान सहा महिने वैध असेल, तर पेरूचा वेगळा व्हिसा लागत नाही. इथे पाच महिने शिल्लक असलेले लोक अडकतात. दुसरा फास म्हणजे स्वस्त तिकीट. भारतातून थेट विमान नाही, आणि अमेरिकेमार्गे गेलात तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो.

पैसे

डॉलरची नोट जराशी फाटलेली किंवा शाईचा ठिपका असलेली असेल, तर दुकानदार ती सरळ परत करतात. इथून घेतानाच एकेक नोट उजेडात धरून बघा. कार्डाचा परदेशी वापर बँकेच्या ॲपमधून आधीच सुरू करून ठेवा. टॅक्सीला मीटर नसतो, बसण्याआधी भाडं ठरवा. लिमात फुटपाथच्या कडेला उभं राहून मोबाईल बघू नका, हिसकावतात. हॉटेलच्या बिलावर १८ टक्के कर लावला असेल तर पासपोर्ट दाखवा. थोड्या दिवसांसाठी आलेल्या परदेशी पाहुण्यांना तो माफ आहे.

शाकाहारी मंडळींसाठी

‘मांस नको’ एवढंच सांगितलं तर ताटात कोंबडी येऊ शकते. ‘सिन पोयो, सिन पेस्कादो’, म्हणजे चिकन नको, मासे नकोत, असं नावानिशी सांगा. किनवा या तिथल्या धान्याच्या सूपमध्येही चिकनचं पाणी असतं, ते विचारून घ्या. चिफा म्हणजे तिथली चिनी खानावळ, तिथे भाज्या घालून परतलेला भात हमखास मिळतो. खोऱ्यात रस्त्याकडेला टपोऱ्या दाण्यांचं उकडलेलं कणीस आणि चीज मिळतं, ते खाच. घरून नेलेला पाणी ओतायचा उपमा चालेल, पण कुस्कोत पाणी ९० अंशांच्या आतच उकळतं, तेव्हा पाच मिनिटांऐवजी दहा मिनिटं झाकून ठेवा. नळाचं पाणी पिऊ नका.

परतीच्या सामानात

कोका पानांचा चहा पेरूत सर्रास देतात आणि बाजारात त्याची पाकिटं, गोळ्याही मिळतात. तिथेच प्या, तिथेच संपवा. भारतात कोकाचं पान अमली पदार्थांच्या कायद्यात येतं, त्यामुळे नातेवाइकांना वाटायला आणायची ही वस्तू नव्हे.

आणि पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड पासपोर्टसोबतच ठेवा. पिवळ्या तापाचा धोका असलेल्या देशांच्या भारताच्या यादीत पेरू आहे. कार्ड नसेल तर इथे उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची आणि दहा दिवसांनी ती ग्राह्य धरतात, म्हणून निघायच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. साठीच्या पुढच्यांनी आधी डॉक्टरांना विचारूनच ती घ्यावी.