हप्ता, अंगठा आणि ओटीपी: ऑनलाइन फसवणुकीत नेहमी होणाऱ्या या चुका टाळा

पेरणीच्या तोंडावर आणि दिवाळीच्या आगेमागे यवतमाळ, वाशीम, बुलढाण्याकडच्या गावांत बँकेसमोर रांगा लागतात. कुणाचा पीएम किसानचा दोन हजारांचा हप्ता असतो, कुणाचं अतिवृष्टीचं अनुदान, कुणाच्या घरी लाडकी बहीणचे पंधराशे. फसवणारे नेमकं याच पैशाचं नाव घेऊन येतात. ज्या पैशाची वाट पाहतोय त्याचाच मेसेज आला, की शंका घ्यायला मन तयार होत नाही. म्हणून फसलेल्या माणसाला अडाणी म्हणू नका. शिकलेले, नोकरीवाले, मास्तर लोकही असेच फसतात.

ग्रुपवर आलेली फाइल दाबणे

सध्या खेड्यात सगळ्यात घातक प्रकार हाच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फाइल येते. नाव असतं ‘पीएम किसान यादी’, ‘आरटीओ चलान’ किंवा ‘लग्नपत्रिका’. नाव शेवटपर्यंत वाचलं तर पुढे डॉट एपीके लिहिलेलं दिसतं. यादी किंवा पत्रिका असती तर पीडीएफ नाहीतर फोटो आला असता. एपीके म्हणजे थेट अ‍ॅप. आणि ते पाठवणारा बहुतेकदा ओळखीचाच असतो, कारण त्याचा फोन आधीच चोरांच्या ताब्यात गेलेला असतो. ‘सरपंचांच्या नंबरवरून आलं’ एवढ्यावर विसंबू नका.

फाइल दाबली की अँड्रॉइड विचारतं, या ठिकाणाहून अ‍ॅप टाकू द्यायचं का? हो म्हटलं की ते अ‍ॅप एसएमएस वाचायची परवानगी मागतं. तीही दिली, की बँकेचा ओटीपी तुमच्या फोनवर आल्याबरोबर चोरांकडे पोचतो. ‘साहेब, म्या त कोनालेच ओटीपी नाही सांगतला’ असं माणूस पोलिसांना सांगतो, तेव्हा तो खरंच बोलत असतो. त्याने सांगितलेलाच नसतो.

चुकून दाबलं गेलं असेल तर घाबरून फोन चाळत बसू नका. आधी डेटा बंद करा, सिम काढा आणि घरातल्या दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं, कार्ड, यूपीआय थांबवा. मग सेटिंगमध्ये जाऊन ते अ‍ॅप काढा. निघतच नसेल तर त्याला दिलेली ‘डिव्हाइस अ‍ॅडमिन’ आणि ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ ही परवानगी आधी बंद करावी लागते. तरीही निघालं नाही तर फोन फॅक्टरी रीसेट करा, म्हणजे सगळं पुसून नव्यासारखा करा. फोटो गेले तर जाऊ द्या. पीएम किसानचं अ‍ॅप हवंच असेल तर ते प्ले स्टोअरवरून घ्या, आणि हप्त्याची चौकशी १५५२६१ या नंबरवर करा.

‘अंगठा लागला नाही, पुन्हा लावा’

गावात बँकेचा माणूस छोटं मशीन घेऊन बसतो. आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा दिला की पैसे मिळतात, ओटीपी किंवा पिन लागत नाही. म्हाताऱ्या माणसांसाठी ही मोठी सोय आहे. पण निंदण-वेचणी करून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत, त्यांचा अंगठा खरंच पहिल्यांदा लागत नाही. त्यामुळे ‘काकाजी, पुन्हा लावा’ म्हटलं की कुणाला वावगं वाटत नाही. प्रामाणिक माणूस असेल तर काही बिघडत नाही. नसेल तर पहिल्याच वेळी पैसे निघालेले असतात.

प्रत्येक वेळी अंगठा लावल्यावर, व्यवहार फसला म्हणाले तरी, पावती मागा. किती रक्कम टाकली ते स्क्रीनवर स्वतः पाहा, वाचता येत नसेल तर नातवाला सोबत न्या. महिन्यातून एकदा पासबुक छापून घ्या. आणि आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे अंगठ्याने पटणारी ओळख, लॉक करून ठेवा. आधारच्या अधिकृत अ‍ॅपवर किंवा आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर ते होतं, अडचण आली तर १९४७ वर विचारा. लॉक असताना तुमच्या अंगठ्यावर कुणालाही पैसे काढता येत नाहीत. पैसे काढायचे किंवा रेशन घ्यायचं असेल त्या दिवशी मात्र आधी उघडायला विसरू नका.

पैसे घेण्यासाठी पिन टाकणे

जुना ट्रॅक्टर किंवा बैलजोडी विकायची जाहिरात टाकली की लगेच फोन येतो. समोरचा स्वतःला फौजी म्हणवतो, भाव करत नाही, ‘पैसे पाठवतो, फक्त हा क्यूआर स्कॅन करा’ म्हणतो. स्कॅन करून पिन टाकला की पैसे येत नाहीत, तुमच्याच खात्यातून जातात. यूपीआयचा पिन पैसे पाठवायला आणि शिल्लक बघायला लागतो. पैसे घ्यायला कधीच लागत नाही.

सोलर पंपाचे पैसे भलत्याच खात्यात भरणे

मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के आहे. तो महावितरणच्या पोर्टलवरूनच भरायचा असतो. ‘तुमचा नंबर लागला, आजच भरा’ म्हणून कुणी स्वतःच्या नंबरवर पैसे मागत असेल तर भरू नका. ‘आज रात्री तुमची लाईन कटेल, या अधिकाऱ्याला फोन करा’ असा मेसेजही महावितरण खासगी मोबाइलवरून पाठवत नाही. शंका आली तर तालुक्याच्या कार्यालयात जाऊन विचारा.

व्हिडिओ कॉलवरच्या ‘पोलिसा’ला घाबरणे

‘तुमच्या आधारवर गुन्हा दाखल आहे, कॅमेऱ्यासमोरून हलू नका’ हा प्रकार डिजिटल अरेस्ट नावाने ओळखला जातो. अशी अटक कायद्यात नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये देशाला हेच सांगितलं होतं. फोन ठेवा आणि घरच्यांना सांगा.

खातं भाड्याने देणे

हे पोरांसाठी लिहितो आहे, आणि कळकळीने लिहितो आहे. दोन-चार हजारांसाठी पासबुक, एटीएम आणि सिम कुणाला वापरायला देऊ नका. लुटलेला पैसा अशाच खात्यांतून फिरवला जातो. पोलीस माग काढत सगळ्यात आधी तुमच्या दारात येतात. खातं गोठतं, गुन्ह्यात नाव येतं, आणि भरतीच्या चारित्र्य पडताळणीत ते अडचणीचं ठरतं. तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत ते दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर दिसतं. अनोळखी सिम दिसलं तर तिथूनच कळवा.

लाजेपोटी गप्प बसणे

पैसे गेल्यावर माणूस घरच्यांपासून लपवतो, आणि पैसे परत मिळायची वेळ तिथेच निघून जाते. चोर रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात हलवतात आणि मग एटीएममधून काढतात. ती खात्यात असेपर्यंतच थांबवता येते. म्हणून लगेच १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा राष्ट्रीय नंबर लावा. नाव, बँक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक तयार ठेवा, बँकेचा मेसेज पुसू नका. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर पूर्ण तक्रार नोंदवा, जमत नसेल तर पोलीस ठाण्यात जा. थांबवलेली रक्कम न्यायालयाच्या आदेशाने परत मिळू शकते.

बँकेलाही लेखी कळवा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. रिझर्व्ह बँकेने २०१७ च्या परिपत्रकात असा नियम केला होता: तुमची किंवा बँकेची चूक नसताना व्यवस्थेतल्या तिसऱ्या कुणामुळे पैसे गेले आणि तुम्ही तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. तुमच्या चुकीने गेले असले तरी कळवल्यानंतर होणारं पुढचं नुकसान बँकेचं असतं.

बँकेचा नंबर मात्र गुगलवर शोधू नका. तिथे चोरांनीच टाकलेले ‘कस्टमर केअर’ नंबर सापडतात. पासबुकावरचा किंवा एटीएम कार्डाच्या मागचा नंबर लावा. विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली आहे, त्यामुळे जुन्या पासबुकावर विसंबू नका, शाखेतून आताचा नंबर लिहून घ्या. आणि काही दिवसांनी ‘तुमचे गेलेले पैसे मिळवून देतो, आधी फी भरा’ असा फोन आला तर तोही त्याच चोरांचा किंवा त्यांच्या भाऊबंदांचा समजा. तक्रारीसाठी ना १९३० वर पैसे लागतात, ना पोलीस ठाण्यात.