जुन्या अमेरिकन रेडिओतला कॅरेक्टर ॲक्टर कसा शोधायचा आणि कसा ऐकायचा

जुन्या अमेरिकन रेडिओ नाटकांच्या नादाला लागलेले बरेच जण पाचशे एपिसोड डाउनलोड करून ठेवतात आणि दहा ऐकून कंटाळतात. तसं नका करू. एक माणूस पकडा, तोही स्टार नको, कॅरेक्टर ॲक्टर, म्हणजे छोटे-मोठे वेगवेगळे रोल करणारा नट, आणि त्याच्या मागे लागा. स्टार आपल्या ठरलेल्या कार्यक्रमात दिसायचा, ही मंडळी मात्र आज डॉक्टर, उद्या खुनी, परवा कुणाचा तरी वैतागलेला सासरा, त्यामुळे एकाच्या मागे गेलात की अर्धा रेडिओ आपोआप फिरून होतो.

उदाहरणाला विल्यम कॉनराड घेऊ. आधी त्याचा आवाज कानात बसवायचा, म्हणजे जिथे तो मेन रोलमध्ये आहे तिथून सुरुवात करायची. सीबीएस या रेडिओ नेटवर्कवरचं काउबॉय-पद्धतीचं 'गनस्मोक', १९५२ ते १९६१, त्यात मार्शल मॅट डिलन तोच. चार-पाच एपिसोड सलग ऐका, हेडफोन लावून, काम करता करता नाही. आवाज जाड आहे हे कुणालाही कळतं, ते सोडा. राग आल्यावर तो काय करतो तिकडे लक्ष द्या, ओरडत नाही, उलट आवाज खाली घेतो आणि वाक्याच्या शेवटी थकल्यासारखा सोडून देतो. ही लकब एकदा सापडली की दुसऱ्या नावाच्या, दुसऱ्या वयाच्या पात्रातही तो लपत नाही.

मग उलट्या दिशेने मागे जा. 'एस्केप' या रेडिओ मालिकेतला 'लाइनिंगन व्हर्सेस द ॲन्ट्स', १४ जानेवारी १९४८. ब्राझीलमधला एक हेकट मळेवाला आणि त्याच्या मळ्यावर चालून येणारी मुंग्यांची फौज. अर्धा तास सगळा भार कॉनराडच्या गळ्यावर आहे आणि तो पेलतोही असा की मुंग्या दिसायला लागतात. आता लगेच १९५४ चा 'द नेकेड जंगल' सिनेमा लावा. गोष्ट तीच, पण मळेवाला झालाय चार्लटन हेस्टन, आणि आपला कॉनराड? तो आहे सरकारी कमिशनर, छोट्या रोलमध्ये! दोन्ही लागोपाठ ऐकून-बघून घ्या, या लोकांच्या करिअरची सगळी गोम तिथे कळते. रेडिओवर गळा बघून काम मिळायचं आणि पडद्यावर अंगकाठी बघून, कॉनराड बुटका आणि जाडा. १९५५ ला 'गनस्मोक' टीव्हीवर गेलं तेव्हा मॅट डिलनचा रोल उंचापुऱ्या जेम्स आर्नेसला गेला, रेडिओवर मात्र पुढची सहा वर्षं कॉनराडच. मला विचाराल तर खरा मॅट रेडिओवरचाच, पण भांडायला नका येऊ.

सिनेमे बघताना एक युक्ती. १९४६ च्या 'द किलर्स'मध्ये सुरुवातीलाच दोघं जण छोट्याशा खाणावळीत शिरतात, एक चार्ल्स मॅकग्रॉ, दुसरा कॉनराड. तो सीन आधी डोळे मिटून ऐका, मग आवाज बंद करून बघा. रेडिओवाला माणूस शरीराचं काय करतो, किती कमी हलतो, ते दुसऱ्या वेळी दिसतं.

आता यादी करायची वेळ. तारीख, कार्यक्रम, रोल आणि चौथा कॉलम सगळ्यात महत्त्वाचा: ओळखलं कशावरून. शेवटी निवेदकाने नाव घेतलं असेल तर तसं लिहा, नुसतं कानावरून वाटलं असेल तर तसं लिहा, दोन्ही एकत्र करू नका. कारण बऱ्याच कार्यक्रमांत शेवटी सगळ्यांची नावं घ्यायचेच नाहीत, आणि एकाच भागात एकच माणूस दोन-तीन रोल करून जायचा. नेटवरच्या याद्यांमध्ये कुणीतरी एकदा कानाने ठोकून दिलेलं नाव पुढे सगळ्यांनी उतरवलेलं असतं, ते सरळ खरं धरू नका.

रेकॉर्डिंग कुठलं आहे तेही तपासा. इंटरनेट आर्काइव्हवर ढीगभर फुकट मिळतात पण फाइलच्या नावातली तारीख चुकलेली असते, आणि एकच नाटक कितीतरी वेळा झालेलं असतं. 'सस्पेन्स' या थरारक रेडिओ मालिकेतलं 'सॉरी, राँग नंबर' अभिनेत्री ॲग्नेस मूरहेडने पहिल्यांदा २५ मे १९४३ ला केलं आणि नंतर पुन्हा पुन्हा केलं, त्यामुळे कुठला प्रयोग ऐकताय हे माहीत हवं. जाहिराती अजिबात नसतील तर बहुतेक ती सैनिकांसाठी काढलेली कॉपी असते, तिचा शेवट कापलेला असू शकतो, म्हणून नावं हवी असतील तर साबण-सिगारेटच्या जाहिराती असलेली कॉपी शोधा, कंटाळवाणी असली तरी. (याच नाटकावरच्या १९४८ च्या सिनेमात मूरहेडचा रोल बार्बरा स्टॅनविकला गेला, आणि त्यात गुंड मोरानो कोण, तर कॉनराड!)

यादी ३० सप्टेंबर १९६२ ला थांबवू नका, त्या दिवशी सीबीएसने 'सस्पेन्स' आणि 'जॉनी डॉलर' या दोन्ही रेडिओ मालिका बंद केल्या आणि साधारण तिथेच रेडिओ नाटकांचा सुवर्णकाळ संपला असं धरतात, पण माणसं कुठे संपली? कॉनराड टीव्हीवर 'द फ्युजिटिव्ह' मालिकेचा निवेदक झाला आणि १९७१ ला 'कॅनन'मध्ये तोच जाडा माणूस चक्क हिरो.

तो झाला की 'गनस्मोक'मधलाच पुढचा घ्या. डॉक्टरचं काम करणारा हॉवर्ड मॅकनिअर रेडिओवर ऐका आणि मग टीव्हीवरच्या 'अँडी ग्रिफिथ शो'मधला फ्लॉइड न्हावी बघा, तोच माणूस आहे यावर पटकन विश्वास बसत नाही.